इतिवृत्तातून खोडलेली ओळ

सेटची लहर ठरवणारा नखाएवढा क्रिस्टल चिमट्यात धरून चिंतामण केव्हाचा नुसताच बसला होता... सांगलीच्या त्या दुकानात टेबलावर साखर कारखान्याचे सव्वीस वायरलेस सेट उघडे पडले होते, गळीत हंगाम पंधरा दिवसांवर आला होता आणि सेटांवर साताऱ्याहून आलेली वकिलाची नोटीस. एका सेटवरून दुसऱ्याला हाक मारण्याच्या सुरांची पद्धत आमच्या अशिलाच्या पेटंटची आहे, परवाना घ्या, नाहीतर विक्री बंद करा. अशील म्हणजे अवधूत! साताऱ्यातल्या दोघांना त्याने परवाना नाममात्र दराने दिला होता. चिंतामणकडे मात्र दर सेटमागे सगळा नफाच मागत होता.

चिंतामणच्या मनात पुन्हा तेच घोळू लागलं: त्र्याण्णव साली साताऱ्यात आम्ही सात सेट बनवणारे जमलो होतो, कारण एकाचा सेट दुसऱ्याच्या सेटला बहिराच. सगळ्यांनी एकच पद्धत ठरवायची — शेवटी दोन उरल्या, माझी आणि अवधूतची. माझी सरस होती, हे मी आजही म्हणेन. पण चहाच्या वेळी अवधूतने खांद्यावर हात ठेवला, "चिंतामणराव, माझी घ्या. सगळ्यांना मोकळी. आपल्यात कसलं पेटंट?" अर्ज तेव्हा आठ महिन्यांपूर्वीच करून ठेवला होता गड्याने! आणि मी माझी पद्धत मागे घेतली, पहिला हात मीच वर केला...

बैठकीचं इतिवृत्तही मीच लिहीत होतो. 'सदर पद्धत सर्वांस कायम खुली राहील, असे श्री. अवधूत यांनी मान्य केले' — लिहिलं होतं. तो वाकून वाचत हसला, "माझ्याकडून लिहून घेताय होय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ती ओळ खोडली.

"बाकीच्या पाचांना आठवत असेल की," सकाळी प्रमोदिनी, त्याची बायको, म्हणाली होती.

"आठवतं. कोर्टात कोण येणार? आणि कागदावर ती ओळ माझ्याच हाताने खोडलेली."

विश्वासाने खोडली, असं तो चार वर्षं समजत आला होता. पण विश्वास कुठला... अवधूतने आपल्याला कोत्या मनाचा म्हणू नये, एवढंच होतं ते. अवधूतला ते तेव्हाच कळलं असणार.

कोपऱ्यातला चालू सेट वाजला. पाच सूर, चढत गेलेले. मग कारखान्याच्या आष्ट्यातल्या गट ऑफिसातल्या जोतीरामचा आवाज, "सायेब, हायसा का? नवा सेट लय झ्याक चाललाय बगा. आमचा जुना साताऱ्याचा सेट बी त्येची हाक लगीच उचलतोय. बाकीचं कवा देताय?"

चिंतामण हलला नाही. पुन्हा तेच पाच सूर. हाक अवधूतच्या सुरांत येत होती, आणि तरीही धावत जाऊन ओ द्यावीशी वाटत होती, याचाच त्याला भयंकर संताप आला.