खडकाकडे पोहू नका

मास्तर पंचवीस वर्षं कोट शिवत होता आणि वीस वर्षं समुद्रावर गळ टाकत होता. दोन्ही कामांत त्याचा स्वभाव एकच: हात सावकाश, तोंड बंद. त्याच्या मेहुण्याचं नेमकं उलटं. बायकोचा हा थोरला भाऊ फरशांचं दुकान चालवायचा आणि डोक्यावर जहाजाच्या सोनेरी नांगराची टोपी घालून हिंडायचा. होडीत पाय ठेवला की त्याला उलटी व्हायची, म्हणून मासे धरायचे ते खडकावरूनच. तरी लोक त्याला कॅप्टन म्हणत, आणि त्यातली थट्टा त्याला एकदाही कळली नव्हती.

त्या रविवारी सकाळी दोघे नेहमीच्या खडकावर गेले. मास्तरने काठी जोडली, रीळ बसवलं, पण दोरी पाण्यात सोडली नाही. आधी वीस मिनिटं बसून पाणी बघायचं, ही त्याची सवय. लहान लाटा एकामागून एक येत होत्या आणि मध्येच तीन मोठ्या येऊन खालचा कट्टा धुऊन काढत होत्या.

"खाली जायचं नाही आज," तो म्हणाला.

"अहो मास्तर, तुम्ही काय मुहूर्त काढताय की मासे धरताय?" म्हणत कॅप्टनने पहिला गळ फेकलासुद्धा. तासाभरात तो गळ खालच्या कपारीत अडकला.

"दोर कापा दादा. सोडून द्या."

"नवा कोरा गळ आहे! परवाच आणलाय."

"दादा, ऐका माझं. मोठ्या लाटा यायची वेळ झालीय."

कॅप्टन ऐकणाऱ्यातला नव्हताच. तो खालच्या कट्ट्यावर उतरला, वाकला, आणि दोर ओढू लागला. पहिल्या मोठ्या लाटेने त्याचे गुडघे भिजवले. दुसरीने त्याला बसवलं. तिसरी ओसरली तेव्हा कट्टा रिकामा होता.

तो वर आला तो खडकापासून दहा हातांवर, आणि जिवाच्या आकांताने खडकाकडेच हातपाय मारू लागला. मास्तर घसा फोडून ओरडला, "दादा, इकडे नको! मागे जा! बाहेर जा!" पण पुढच्या लाटेने कॅप्टनला उचलून खडकावर आपटलं. शिंपल्यांच्या धारेने गाल फाटला. तो पुन्हा खडकाकडे आला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा त्याचे हात हलायचे थांबले.

जवळपास चिटपाखरू नव्हतं. फोन करून माणसं येईपर्यंत सगळं संपलं असतं. मास्तरने दोरीला सर्वांत मोठा तिहेरी गळ बांधला आणि फेकला. चुकला. दुसऱ्यांदा फेकला तेव्हा गळ कॅप्टनच्या जॅकेटच्या कॉलरमागे रुतला. ते जॅकेट मास्तरनेच शिवलं होतं, खांद्याला दुहेरी टीप मारून. शिवण उसवणार नाही एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. काठीने मात्र माणूस ओढला जात नाही. त्याने काठी टाकून दिली, ती बारीक विणलेली दोरी उजव्या हाताला तीन वेढे गुंडाळली, आणि खडकाच्या कडेने चालत कॅप्टनला आडवा ओढत नेला. तीस पावलांवर एक घळ होती. तिथे लाट आपटत नव्हती, नुसती आत शिरत होती. दोरी हातात उतरत गेली, आधी कातडीत, मग त्याच्याही आत. मास्तरने खाली बघितलंच नाही. शेवटी एका लाटेने कॅप्टनला घळीतल्या वाळूवर आणून टाकलं. मास्तरने त्याला पालथा केला, पाणी काढलं. शुद्धीवर आल्यावर कॅप्टन मास्तरच्या पायांना मिठी मारून लहान मुलासारखा रडला.

हे घडलं ते असं. लोकांच्या कानावर गेलं ते वेगळं.

दवाखान्यात मास्तर हाताला टाके घालून बाहेर आला, तर पडद्यापलीकडच्या खाटेवरून कॅप्टनचा आवाज येत होता. "मी डोकं शांत ठेवलं. म्हटलं, खडक समोर दिसतोय ना, मग घाबरायचं कशाला? लाटेवर स्वार झालो आणि चढलो वर! मास्तर बिचारा नुसता किंचाळत होता. घाबरून हात दोरीत अडकवून घेतला त्याने."

भोवती जमलेले नातेवाईक हसले. त्यांत मास्तरची बायकोही होती. ती हसली नाही, पण बोललीही नाही. मास्तरला वाटलं, माणूस मरता मरता वाचलाय, बडबडतोय, बडबडू दे. दोन दिवसांनी सांगेल खरं.

दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले. टाके निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोट ओढणारी आतली दोरीच कापली गेलीय. अंगठ्याशेजारचं हे पहिलं बोट आता पुरतं वाकणार नाही."

शिंप्याचं पहिलं बोट! कात्री त्याच्यावर चालते, सुई त्याच्यावर चालते. मास्तर दुकानात डाव्या हाताने जुन्या चादरीच्या चिंध्यांवर कात्री चालवायला शिकत होता, आणि प्रत्येक रेघ वेडीवाकडी जात होती. अशात एक गिऱ्हाईक छातीचं माप द्यायला उभं राहिलं आणि हसत म्हणालं, "मास्तर, मेहुणा बुडत होता आणि गळाला तुम्ही लागलात म्हणे?"

मास्तरच्या हातातला खडू मोडला. त्याने मापाची पट्टी गिऱ्हाइकाच्या छातीभोवतून काढून घेतली आणि म्हणाला, "कोट दुसरीकडे शिवा."

घरी त्याने बायकोला विचारलं, "तुझा भाऊ गावभर काय सांगत सुटलाय, ऐकतेस ना?"

"जाऊ द्या ना आता. दादा वाचला, तेवढं पुरे."

"आणि माझा हात?"

ती भांडी पुसत राहिली. मास्तर न जेवता उठला.

पुढच्या महिन्यात गळवाल्यांच्या क्लबने सभा ठेवली. क्लब म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक खोली, चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. दुकानाचा मालकच क्लबचा सेक्रेटरी. फळ्यावर त्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'लाटेने ओढलं तर काय करावं? अनुभवी वक्ते: कॅप्टन.' मास्तर शेवटच्या रांगेत बसला. येऊ नये असं त्याला हजारदा वाटलं होतं, पण घरी बसवतही नव्हतं.

कॅप्टनने गालावरचा व्रण सगळ्यांना दिसेल असा चेहरा वळवला आणि सुरू झाला. लाट दहा हातांची होती ती वीस हातांची झाली. मास्तर दात आवळून ऐकत राहिला. मला भित्रा म्हण, काय वाटेल ते म्हण, बोल तू.

"आता मुख्य गोष्ट लिहून घ्या," कॅप्टन म्हणाला. "पाण्यात पडलात की एकच करायचं. सरळ खडकाकडे पोहायचं! जो खडकाला चिकटला, तो वाचला."

मास्तरच्या पुढे एक नवं जोडपं बसलं होतं. दोघांनी नुकत्याच काठ्या घेतल्या होत्या. त्यातल्या मुलीने वहीत लिहिलं, 'सरळ खडकाकडे पोहायचं', आणि खाली दोन रेघा मारल्या.

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो उठला तेव्हा खुर्ची मागे कोसळली.

"खोडा ते! ताई, आत्ताच्या आत्ता खोडा!"

सगळी खोली वळली. कॅप्टन हसला. "मास्तर, बसा बसा. गोळ्या अजून चालू आहेत वाटतं."

दोघेचौघे हसले. मास्तर खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला. आयुष्यात चारचौघांत तो कधी बोलला नव्हता.

"हा माणूस खडकाकडे पोहला म्हणून मरत होता! तीनदा आपटला. हा गाल चढताना फाटला नाही, आपटून फाटला. खडकाकडे पोहू नका. लाट फुटते तिथून बाहेर, खोल पाण्याकडे जा, पाठीवर पडून तरंगा, वाट बघा. वर जो असेल त्याने दोरी फेकायची, तरंगेल असं काहीतरी फेकायचं. स्वतः उडी मारायची नाही. हे लिहा!"

"आणि तुम्ही काय केलंत?" कुणीतरी विचारलं.

मास्तरने उजवा हात वर धरला. तळव्यावर तीन जाड, तांबडे वळ एकाखाली एक होते. "घाबरून दोरी अडकली असती तर एक वळ असता. हे वेढे मी घेतलेत. जॅकेटच्या कॉलरमध्ये गळ रुतवून ह्याला ओढत घळीत नेला. दादा, जॅकेट कुठंय तुमचं?"

कॅप्टनने रुमालाने मान पुसली. "फाटलं होतं. टाकून दिलं."

"कुठे फाटलं होतं? सांगा ना सगळ्यांना!"

कॅप्टन रुमाल खिशात कोंबू लागला. सेक्रेटरी लगबगीने मध्ये आला. "मास्तर, हा तुमचा घरचा मामला. घरी मिटवा."

"उद्या ही मुलगी खडकावर आपटून मेली, तर तोही माझ्या घरचा मामला का?"

मास्तर जिना उतरून निघाला.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. बायको दारातच उभी होती. "चारचौघांत दादाची अब्रू काढलीत."

"अब्रू? त्याची?"

"मला माहीत होतं," ती एकदम म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी पट्टी बदलत होते ना! तीन वळ मला दिसत नव्हते होय? मला सगळं कळलं होतं."

हा घाव दोरीपेक्षा खोल गेला. "आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्हीही गप्पच होतात! म्हटलं, ह्यांनाच बोलायचं नाही तर मी भावाला खोटं कशी पाडू? तुम्ही एकदा, एकदा तरी मला म्हणायचं होतंत की हे असं झालं." ती रडत होती, पण रागानेच. "माझ्याशीसुद्धा तोंड उघडायचं नाही, आणि मग सगळ्या जगासमोर फुटायचं!"

ते खरं होतं, म्हणून मास्तरला आणखीनच राग आला. दोन दिवस त्या घरात फक्त ताटं आणि दारं वाजली.

मंगळवारी दुपारी कॅप्टन दुकानात आला. मास्तर मशीनवर होता. त्याने पाय थांबवला नाही.

"लोक मला फोन करून हसतात," कॅप्टन म्हणाला. "एवढं करायची गरज होती?"

मशीन चालूच राहिलं.

कॅप्टन स्टुलावर बसला. खालच्या आवाजात म्हणाला, "मला काहीच आठवत नाही, मास्तर. लाट आली, आणि मग वाळू. मधलं सगळं कोरं. दवाखान्यात सगळे विचारायला लागले, आणि मी बोलत गेलो."

मशीन थांबलं. "मग आठवत नाही, असं सांगायचं."

"तुमचे पाय धरून रडलो ते आठवतं," कॅप्टन म्हणाला. "तेच सांगायचं नव्हतं."

क्षणभर मास्तरला त्याची दया आली, आणि ती आली म्हणून स्वतःचाच संताप आला. त्याने टेबलावरून क्लबकडून आणलेली सभासदांच्या नंबरांची यादी ओढली आणि कॅप्टनसमोर आपटली. "त्या मुलीला फोन लावा. इथे, माझ्यासमोर. मग बाकीच्यांना."

"सगळ्यांना?"

"चाळीस खुर्च्या होत्या."

कॅप्टनने नंबर फिरवला. "मी परवा चुकीचं सांगितलं," तो म्हणाला, "खडकाकडे नाही पोहायचं. मी पोहलो, म्हणून आपटलो. मला... मला मास्तरने ओढून काढलं." सतराव्या फोनला त्याचा आवाज बसला. मास्तरने पाण्याचा तांब्या सरकवला, पण यादी उचलली नाही.

संध्याकाळ झाली तेव्हा शेवटचं नाव संपलं. कॅप्टन उठला. "माफ केलंत ना?"

"नाही," मास्तर म्हणाला. "दार ओढून घ्या."

क्लबने पुढे त्या खडकावर एक खांब पुरला, त्याला तरंगणारं रबरी कडं आणि लांब दोरी टांगली, खाली 'खडकाकडे पोहू नका' अशी सूचना लावली. कॅप्टन बहिणीकडे येतो, बसतो, तेव्हा मास्तर दुकानात काहीतरी राहिलं म्हणून निघून जातो. नवराबायको आता एकमेकांशी बोलतात, पूर्वीपेक्षा जास्तच बोलतात, आणि बरेचदा भांडतात. रविवारी सकाळी मास्तर एकटा खडकावर जातो, वीस मिनिटं पाणी बघतो, आणि डाव्या हाताने गळ फेकतो. अजून तो हवा तिथे पडत नाही. मग तो दात आवळून दोर गुंडाळतो आणि पुन्हा फेकतो.