स्क्रूसकट

आधी जाहिरात, मग विमान, असा पानेवाल्यांचा नियम होता. कॉम्प्युटरवर उडवायचं नवं प्रवासी विमान विक्रीला आलं की ते प्रथम त्याची जाहिरात छापून घेत, तिच्यातला एकेक दावा लाल पेनाने अधोरेखित करत आणि खुर्ची पुढे ओढून म्हणत, "चला, नाव तर मोठं आहे, लक्षण बघू." विमानाला दहापैकी वेगळे गुण, जाहिरातीला दहापैकी वेगळे. विमानांना सात-आठ मिळून जायचे. जाहिराती बहुधा चारावरच गारद व्हायच्या.

पानेवाले हे त्यांचं इंटरनेटवरचं नाव. एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये एकतीस वर्षं हातात पाना घेऊन त्यांनी खऱ्या विमानांची देखभाल केली होती. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून खोट्या विमानांची झडती घ्यायला लागले. घरबसल्या विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींचा पंथ लहान, पण भलता चिकट. इंधनाचा काटा जरा उलटा फिरला तरी यांना अन्न गोड लागत नाही. अशा लोकांत पानेवाल्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "माझ्या हातून एकतीस वर्षांत एक स्क्रू नियमाबाहेर लागला नाही," हे वाक्य त्यांच्या प्रत्येक परीक्षणात यायचंच, आणि वाचणारे माना डोलवायचे.

जेवणाचं अर्धं टेबल त्यांनी बळकावलं होतं. त्यावर दोन पडदे, टेबलाला बोल्टने आवळलेलं विमानाचं सुकाणू आणि खाली पायाशी पॅडल. उरलेल्या अर्ध्यावर घर जेवायचं. इंजिनांच्या घरघरीतून मीठ मागायची बायकोला आता सवय झाली होती.

या वेळचं विमान मात्र घरातूनच आलं होतं. सून एका छोट्या कंपनीत कामाला होती. सायकलच्या दुकानावरची एक खोली आणि तीन माणसं, एवढीच ती कंपनी. दोन वर्षं खपून त्यांनी एक जुनं, दोन इंजिनांचं विमान कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. फोटो काढायचे, आवाज टिपायचे आणि जाहिरात लिहायची, ही सुनेची कामं. विमान चाललं तर कंपनी चालणार होती. नाही चाललं तर मालक दातांच्या दवाखान्यांचे प्रोग्राम लिहायला परत जाणार, आणि सून त्यांच्या जाहिराती लिहायला.

"'दात काढून घ्या, कळणारही नाही', असं चार वर्षं लिहिलंय मी, बाबा," सून म्हणाली. "परत नाही लिहायचं मला."

"म्हणून काय मी गुण वाढवून देऊ?"

"मुळीच नको. फक्त नीट बघा."

"म्हणजे मी एरवी नीट बघत नाही?"

मुलगा उठून पाणी प्यायला गेला. या दोघांचं सुरू झालं की त्याला तहान लागायची.

जाहिरात एवढीशी होती. "जसं आहे तसं. स्क्रूसकट." ना 'क्रांतिकारी', ना 'आजवरचं सर्वोत्तम', ना 'वैमानिकही फसतील'. पानेवाले लाल पेन उघडून बराच वेळ बसले. अधोरेखित करायला हाताशी काही लागेना. पोरगी हुशार आहे, ते मनात म्हणाले, पण सापडेल कुठेतरी.

दोन दिवस काही सापडलं नाही. हायड्रॉलिक पंप सुरू होताना घसा खाकरल्यासारखा जो आवाज येतो, तो जसाच्या तसा आला. पंखांमागच्या झडपा उतरायला लागणारे सेकंद त्यांनी घड्याळ लावून मोजले, तेही जुळले. त्यांना मनातून इतका आनंद झाला की डोळे मिटून त्यांनी तो पंप चार वेळा चालू-बंद केला. चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा ठेवला होता, कारण सून दारातून बघत होती.

तिसऱ्या दिवशी सापडलं. कॉकपिटमध्ये उजव्या खिडकीच्या वर शोभेची एक प्लास्टिकची पट्टी असते. तिला सहा स्क्रू. त्यातले पाच काळे होते आणि सहावा चकचकीत. शिवाय इंजिनांचा वेग वाढवला की त्याच पट्टीतून बारीकशी झर्र ऐकू यायची.

"सूनबाई! हा स्क्रू कुठून पैदा केलात?"

"विमानातनं. विमान दुरुस्तीची शाळा आहे ना, तिथे उभं आहे ते. मी स्वतः फोटो काढलेत."

"कारखान्यातून सहाच्या सहा काळे येतात. फोटोत उजेड पडला असेल. आणि ही झर्र? तुझा माइक सैल असणार."

"पट्टीच वाजते ती, बाबा. इंजिनं चालू करून टिपलाय आवाज. चला ना, तुम्हीच बघा."

"मला नाही यायचं."

निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्यांनी खऱ्या विमानाला हात लावला नव्हता. लावला तर सवयीने हात मागे जाईल, पाना मागेल, आणि तो द्यायला मागे कोणी नसेल, याची त्यांना भीती वाटायची. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला ते न सांगताच कळलं होतं.

परीक्षण इंटरनेटवर आलं. विमानाला नऊ, जाहिरातीला तीन. "स्क्रूसकट म्हणे! एक स्क्रू आणि एक आवाज पदरचा घातला आहे. दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं." झालं! पंथाला तेवढंच पुरलं. संध्याकाळपर्यंत चकचकीत स्क्रूवर विनोद फिरायला लागले आणि विमान घ्यायला निघालेले लोक थबकले. मालकाने खोलीची आवराआवर सुरू केल्याचं मुलाकडून कळलं. सून जेवायला बसली, खाली मान घालून जेवली आणि उठली. ती भांडली असती तर पानेवाल्यांना बरं वाटलं असतं.

"घरचा आहेर अगदी थाटात केलात हो," बायको म्हणाली. "पण पोरीने एकच गोष्ट मागितली होती. नीट बघा म्हणाली होती ती. बघितलंत?"

"अगं, एकतीस वर्षं—"

"एकतीस वर्षं मला पाठ आहेत. उद्या जाऊन बघून या. विमान काही चावत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरा आणि सून निघाले. दुरुस्तीच्या शाळेतल्या मास्तरांनी त्यांना हँगरमध्ये नेलं. ते विमान तिथे उभं होतं. रंग बदललेला, जुनं नाव खरवडून काढलेलं. शिडी चढून आत पाऊल टाकलं, तेल, रबर आणि जुन्या सीटांचा वास आला, आणि पानेवाले तो छातीभर ओढून घेत दारातच उभे राहिले. सून मागे थांबून राहिली.

कॉकपिटमध्ये उजव्या खिडकीवर सहावा स्क्रू लख्ख चमकत होता.

"खरा आहे," पानेवाले हळूच म्हणाले. मग त्यांना राग आला. "कुठल्या गाढवाने लावलाय हा? बघू दे मला."

त्यांचा हात सवयीने मागे गेला. शाळेचे मास्तर त्यांच्या मागेच उभे होते. काही न विचारता त्यांनी त्या हातावर स्क्रूड्रायव्हर ठेवला. पानेवाल्यांनी तो क्षणभर नुसताच धरून ठेवला, मग सहाही स्क्रू काढून पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. तिच्यावर पेनाने लिहिलं होतं: "तात्पुरता. उद्या बदलणे." खाली एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख, आणि लांबलचक शेपटीची एक सही.

सही आधी सुनेने ओळखली. "बाबा, ही तर तुम्ही कुरिअर घेताना करता ती."

पानेवाले सहवैमानिकाच्या सीटवर मटकन बसले. सगळं आठवलं. कोठारातले काळे स्क्रू संपले होते आणि विमान निघायच्या बेतात होतं. पट्टी पडली असती तरी कोणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या पेटीतला एक आखूड स्क्रू ठोकून दिला. दुसऱ्या दिवशी विमानाची बदली दूरच्या तळावर झाली, आणि उद्या राहूनच गेला. आखूड स्क्रूने पट्टी सैल बसली. तेव्हापासून ती वाजत होती.

"एकतीस वर्षांत एक स्क्रू..." सून म्हणाली आणि तिने ओठ घट्ट मिटले. पण तिचे खांदे हलायला लागले होते. पानेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि ते जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

परतताना ती म्हणाली, "बाबा, सही-बिही कोणाला सांगू नका. प्रत्यक्ष पाहिलं, स्क्रू खरा आहे, एवढं लिहिलंत तरी आमचं भागेल. तुमचं नाव कशाला खराब करायचं?"

गोष्ट खरी होती, आणि सोपीही. एकतीस वर्षांचं ते वाक्य शाबूत राहिलं असतं.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," घरी पोचून चपला काढता काढता पानेवाले म्हणाले. "त्या चिकटपट्टीचा फोटो घेतलायस ना? दे इकडे."

रात्रीच्या जेवणाआधी दुसरं परीक्षण गेलं, वर चिकटपट्टीचा फोटो. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला गेलो आणि माझ्याच डोळ्यातलं मुसळ सापडलं. तो गाढव मीच. जाहिरातीला दहापैकी दहा, परीक्षकाला शून्य." पंथ अक्षरशः खिदळला. पण त्यांना शून्य द्यायला कोणी तयार होईना, आणि झर्र आपल्या कानांनी ऐकायची म्हणून जो तो विमान घ्यायला धावला. सायकलच्या दुकानावरच्या खोलीतली खोकी परत उघडली गेली.

दोन आठवड्यांनी मास्तरांचा फोन आला. "या, तुमचा उद्या उजाडलाय. काळा स्क्रू मागवून ठेवलाय."

पानेवाले एकटेच गेले. चकचकीत स्क्रू काढला, नवा काळा स्क्रू भोकाला लावला, अर्धा फेरा फिरवला आणि थांबले. मग तो काढून त्यांनी जुनाच परत बसवला, होता तेवढाच सैल.

संध्याकाळी सुनेने विचारलं, "बसवलात का, बाबा?"

त्यांनी खिशातून काळा स्क्रू काढून तिच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "तो बसवला असता, तर तुझी जाहिरात खोटी पडली असती."