साहेबाची बर्फातली शिकवणी

बायकोला स्कीइंग चांगलं येण्यात शैलेंद्रचा काय फायदा होता, ते आधी मांडू. त्याचा मॅनेजर डग दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर टीमला घेऊन अमेरिकेतल्या डब्लिन गावापासून तासाभरावरच्या टेकडीवर स्कीइंगला जायचा. ग्रीन कार्डच्या फाइलवर सही डगची. आणि पन्नाशीत डगला एकच हौस उरली होती, कार्व्हिंग, म्हणजे स्की न घसरवता तिच्या कडेवर वळणं, जमलं पाहिजे. म्हणजे साहेबाला हवं ते शैलेंद्रच्या घरात होतं आणि शैलेंद्रला हवं ते साहेबाच्या ड्रॉवरमध्ये. पत्रिकासुद्धा इतकी जुळत नाही.

हा २००३चा हिवाळा. पद्मिनी मूळची नागपूरची फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे काम करायला बंदी. काम सोडून बाकी काहीही करा, एवढा सरकारचा उदारपणा. पहिल्या वर्षी ती टेकडीच्या पायथ्याच्या लॉजमध्ये टीमची जॅकेटं सांभाळत बसली. दुसऱ्या वर्षी "बसून बसून पाठ धरली" म्हणत तिनं स्की भाड्यानं घेतल्या. गुडघ्याचं आणि घोट्याचं शास्त्र तिला पाठच होतं. बाकीचे टाचा ढकलत, बर्फ खरवडत वळायचे. ती नुसता घोटा आत कलवायची. स्की कडेवर उभी राहायची आणि आपणहून वळायची. मागं बर्फात फक्त दोन बारीक रेघा उरायच्या. शैलेंद्रच्या मागं मात्र अंगण झाडल्यासारखा पट्टा.

"अगं, पण वळतो ना मी?"

"वळतोस की. झाडू मारत."

वरपासून खालपर्यंत, कोणाला न विचारता घेतलेली एक धाव. आठवड्यात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच गोष्ट होती.

एका गुरुवारी डगनं वर जाताना लिफ्टच्या खुर्चीतून त्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "हू इज दॅट?" शैलेंद्र छाती फुगवून म्हणाला, "माय वाइफ." पुढच्या आठवड्यापासून पद्मिनीची धाव बंद. सोप्या उतारावर डगच्या मागं मागं, "डग, वजन बाहेरच्या पायावर!" ओरडत ती फिरू लागली. तिचं शिकवणं पाहून टेकडीच्या स्की स्कूलनं तिला नोकरी विचारली, ती व्हिसापायी नाकारावी लागली. डगची फुकटची शिकवणी मात्र नाकारता येईना. पगार घेतला तर गुन्हा, फुकट राबलं तर मैत्री.

"डग आज दहा वेळा थँक्यू म्हणाला तुला," शैलेंद्र घरी येताना सांगायचा.

"मग पुढच्या वेळी तूच घे त्याचा क्लास."

"असं काय करतेस यार. एकदा फाइल जाऊ दे."

फेब्रुवारीत एकदा पद्मिनी, शैलेंद्र आणि डग लिफ्टच्या लटकत्या खुर्चीत बसले होते आणि लिफ्ट मध्येच थांबली. खाली नुसती पोकळी, समोर लोखंडी दांडा, पायांना जड स्की, आणि दोघांच्या मध्ये पद्मिनी. डग मजेत होता. पुढच्या सीझनला माझी दोन्ही मुलंही येतील तुझ्याकडे, म्हणाला.

पद्मिनीनं समोर बघत मराठीत विचारलं, "फाइल गेली का?"

"इथे कुठे विषय काढतेस! हस, तो बघतोय."

ती हसली. "गेली का?"

"मार्चनंतर करतो म्हणालाय."

"मार्चनंतर बर्फ वितळतं, शैलेंद्र."

"मग?"

"मग त्याची गरजही वितळते."

"एव्हरीथिंग ओके?" डगनं विचारलं.

"शी इज फीलिंग कोल्ड," शैलेंद्र घाईनं म्हणाला.

"नो, आय अ‍ॅम नॉट," पद्मिनी म्हणाली. मग तिनं डगला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, मऊ बर्फावर तुम्हाला जमतं, पण कडक बर्फावर तुमची स्की अजून घसरते. ते एवढंच शिकवायचं राहिलंय. शैलेंद्रची फाइल जाईल त्या आठवड्यात शिकवते.

शैलेंद्रनं दांडा असा आवळला, जणू तोच त्याचा व्हिसा. डग खुर्ची डुलेपर्यंत हसला. "शैलेंद्र, माझ्या खुर्चीत खरं तर तुझी बायको बसायला हवी!" ऑफिसातल्या कुठल्याच खुर्चीत बसायची तिला परवानगी नव्हती. लिफ्ट सुरू झाली.

सोमवारी सही झाली. गुरुवारी पद्मिनीनं शब्द पाळला. वळणाच्या शेवटी घाबरून जोर लावू नका, सुरुवातीलाच कडेवर उभे राहा आणि मग धीर धरा. काचेसारख्या बर्फावर डगनं दोन रेघा ओढल्या आणि त्यांचा फोटो काढून टेबलावर लावला.

गावातल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आम्ही तिला डोक्यावर घेतलं. "काय गं, साहेबाला लटकवून सही घेतलीस म्हणे!" ग्रीन कार्ड मिळवून बसलेल्या मालिनीताई तेवढ्या हसल्या नाहीत.

"आता शैलेंद्रला नोकरी बदलता येणार नाही हं. बदलली की फाइल पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला सहा वर्षं लागली."

"म्हणजे तोवर डगच?"

"तोवर त्याच्या मनात असेल तर. फाइल मागंही घेता येते."

पुढच्या नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडलं, तेव्हा डगची मुलं हेल्मेट घालून पद्मिनीसाठी उभी होती. ती शिकवायला गेली.

तर हिशोब असा. डगला कार्व्हिंग आलं, मुलांनाही येईल. शैलेंद्रला ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर मिळाला आणि त्याबरोबर पायात बेडी. ती त्याला अजून दागिनाच वाटते. टेकडीवाल्यांचं गुरुवारी लिफ्टचं एक तिकीट खपणं पक्कं झालं. कारण शिकवणारीचं तिकीट शिकवणारीच काढते.