रावयाची शिकवणी

“तीनशे?” उस्ता मेगाहेद खुर्चीतून अर्धा उठला. “एका धड्याचे तीनशे? अरे, मागच्या धड्याला दोनशे घेतलेस. आठवड्याभरात असं काय नवं शिकून आलास रे तू?”

पडद्यावरचा मास्तर हललासुद्धा नाही. तुळतुळीत टक्कल, छातीवर हातांची घडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. डोक्यावर एकच ओळ तरंगत होती : कुलूपविद्या, सातवी पायरी, तीनशे मोहरा.

“काका, तो माणूस नाहीये,” शेजारच्या स्टुलावरून इम्तिसाल म्हणाली.

“ते दिसतंच आहे. माणूस असता तर लाजला असता.”

इम्तिसालला खुदकन हसू आलं. हसता हसता तिची नजर भिंतीकडच्या पलंगावर गेली. घडी घातलेली चादर, तिच्यावर उशी.

“त्याला ऐकू येतं का?” मेगाहेदने विचारलं.

“नाही हो. तुम्ही घ्यायचं नाहीतर सोडायचं. तिसरं काही नाही.”

मेगाहेदला हे पटणं शक्य नव्हतं. इजिप्तमधल्या तांता शहराच्या बाजारात त्याने चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली होती, किल्ल्या घडवल्या होत्या, म्हणून लोक त्याला उस्ता, म्हणजे कारागिरांचा गुरू, म्हणत. सांगितलेल्या भावात पहिल्या झटक्याला वस्तू घेणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. असा माणूस दिसता तर त्याने त्याला बसवून पाणी पाजलं असतं. मग त्याने तेच केलं, जे त्याच्या बापाने आणि आजोबाने केलं असतं. आपल्या पडद्यावरच्या माणसाची पाठ मास्तरकडे वळवली आणि त्याला चालवत निघाला. हळूहळू, मागून हाक यायला सवड राहील अशा बेताने.

दहा पावलांवर थांबला. “बोलावलं का त्याने?”

“नाही.”

आणखी पाच पावलं. “आता?”

“काका, तुम्ही समुद्रापर्यंत चालत गेलात ना, तरी तो बोलवायचा नाही.”

मेगाहेदचं टाळकं सरकलं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्याने खालच्या चौकटीत लिहिलं : अल्लाहची भीती बाळग. दोनशे वीस देतो, आत्ता, रोख. आणि मोठं बटण दाबलं.

“अहो काका!” इम्तिसालने तोंडावर हात ठेवला. “हे त्याला नाही दिसलं, चौकातल्या सगळ्यांना दिसलं!”

झालं. चौकात चाळीसेक खेळणारे उभे होते, त्यांना आयतीच करमणूक मिळाली. कुणी लिहिलं, आजोबा, भिंतीशी पण घासाघीस करता का? कुणी लिहिलं, दोनशे तीसला मिळालं तर मला पण घ्या. मेगाहेदचे कान तापले. पण खुर्ची त्याने सोडली नाही. सोडून चालणारच नव्हतं.

हा खेळ रावयाचा, त्याच्या एकुलत्या एका मुलीचा. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची झडप नासवली होती. औषधाच्या दुकानातली अर्ध्या दिवसाची नोकरी आणि जिने चढायचे नाहीत ही ताकीद, एवढ्यात तिचं आयुष्य मावलं. उरलेले दिवस या खोलीत, या खुर्चीत गेले. सत्ताविसावं पुरं होण्याआधीच अल्लाहने तिला नेलं. चाळिसाव्या दिवसाचं कुराणपठण झालं, माणसं बिनसाखरेची कॉफी पिऊन गेली. नंतरच्या शुक्रवारी तिची दुकानातली मैत्रीण इम्तिसाल भेटायला आली, तेव्हा मेगाहेदने तिला विचारलं, “पाच वर्षं ही पोरगी त्या यंत्रात करायची काय गं?”

“शिकायची.”

“काय?”

“कुलपं उघडायला.”

मेगाहेदने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला होता.

मग इम्तिसालने सगळं सांगितलं. खेळातल्या त्या धुक्याच्या देशात प्रत्येक विद्येला एक मास्तर असतो. तलवारीला वेगळा, धनुष्याला वेगळा, औषधाला वेगळा. मोहरा मोजल्या की तो एक पायरी वर चढवतो, आणि पुढची पायरी मागचीपेक्षा महाग. लोक थोडं इकडे देतात, थोडं तिकडे, चार पैसे राखून घोडा घेतात, चिलखत घेतात. रावयाने सगळ्या मोहरा एकाच मास्तरच्या पुढ्यात ओतल्या. रानात झाडपाला गोळा करायचा, तो विकायचा आणि टकल्याकडे धाव घ्यायची. घोडा होता, तोही विकला. पहिल्या दिवशी फुकट मिळालेला फाटका अंगरखा तिने शेवटपर्यंत बदलला नाही. शंभर पायऱ्या चढली. इतक्या वर कुणी जात नाही, कारण कुलपाने लांडगा मरत नाही.

“हसायचे तिला सगळे,” इम्तिसाल म्हणाली. “वेडी म्हणायचे.”

मेगाहेद हसला नाही. त्याला सहा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. रावया दुकानात त्याचं जेवण घेऊन आली होती. डबा ठेवून ती तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मला शिकवा ना. बसून करायचं काम आहे. झेपेल मला.”

मागणं वावगं नव्हतं. पण दुकान भर रस्त्यावर, समोर दिवसभर पुरुषांचा राबता, लोक काय म्हणतील? आणि बाजूला बसलेले दोन कारागीर कान टवकारून ऐकत होते. त्यांच्यासमोर त्याने थट्टेवारी नेलं. “फुकट नाही मिळत हा धंदा, बाईसाहेब! कुणाला तरी पैसे मोजा, मग शिका.”

कारागीर हसले. रावयाही हसली. रिकामा डबा घेऊन घरी गेली आणि पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

आणि पोरगी खरोखरच पैसे मोजून शिकली!

इम्तिसालने हे सांगितलं त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. तो राग मनात धरून ती गेली का, एवढं कळायला हवं होतं. बायकोला, सनियाला, विचारलं तर ती म्हणे, माझी लेक कुणावर रागवायची नाही. पण आईचं मन तसंच सांगणार. रावयाशी रोज बोलणारी माणसं खेळातल्या आतल्या शहरात होती, आणि त्याच्या लोखंडी वेशीतून आत जायला कुलूपविद्येची विसावी पायरी लागत होती. रावयाचा परवलीचा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून मेगाहेदने तोच फुकटचा अंगरखा चढवून पहिल्या पायरीपासून सुरुवात केली होती. दर शुक्रवारी तो सय्यद बदवींच्या मशिदीत नमाज पढायचा, आणि मग तासभर तिथल्या ओसरीवर बसून गाणाऱ्या शेखचं निरूपण ऐकायचा. त्या शेखच्या आवाजावर त्याचा भारी जीव. पैगंबरांचं नाव सुरात आलं की त्याच्या डोळ्यांना धार लागायची. ते निरूपण सोडून तो आता घरी येत होता आणि रानातला पाला खुडत होता. सात आठवडे झाले होते आणि तो सहाव्या पायरीवर होता.

“काका, कुणीतरी तुमच्याशीच बोलतंय,” इम्तिसाल म्हणाली.

चौकातला हशा ओसरला होता. मेगाहेदच्या माणसासमोर काळ्या पिसांचा झगा घातलेला एकजण येऊन उभा होता. डोक्यावर नाव : काळं घुबड.

त्याने लिहिलं : आजोबा, त्या लुटारूला एक कवडी देऊ नका. मी शिकवतो. आमच्याकडे फी नसते.

मेगाहेदने भुवया वर केल्या. “याचा काय डाव आहे?”

“विचारा की.”

त्याने लिहिलं : फुकट का?

घुबडाने लिहिलं : आमची उस्ता फुकट शिकवायची. शंभर पायऱ्या चढलेल्याला या खेळात मास्तर होता येतं, वाटेल ती फी लावता येते. तिने कुणाकडून काही घेतलं नाही. बावीस जणांना शिकवलं. मी इराकला, बसऱ्यात बेकरीच्या भट्टीवर असतो, माझ्याकडे काय होतं द्यायला? तीन महिन्यांपूर्वी ती देवाघरी गेली. आता दर शुक्रवारी आमच्यातला एकजण इथे उभा राहतो.

मेगाहेदचं बोट हवेतच राहिलं. इम्तिसालने हळूच कीबोर्ड आपल्याकडे ओढला. “मी लिहू?”

“नको.” त्याने तो परत घेतला आणि लिहिलं : मी रावयाचा बाप.

मग भराभर ओळी आल्या, इतक्या की इम्तिसालला मोठ्याने वाचून दाखवाव्या लागल्या. “उस्ता मेगाहेद? तांता शहराचे? तुमच्या हाताला सलाम. अहो, तुमच्याबद्दल बोलायची ती, रोज बोलायची. माझ्या बाबांना कुलूप नुसतं धरलं तरी कळतं म्हणायची. तिला आम्ही विचारलं होतं, या टकल्याला एवढ्या मोहरा घालून शिकलीस ना? तर म्हणाली, छे, मी बाबांकडून शिकले. लहानपणापासून दुकानात शेजारी बसवायचे, हातात कानस द्यायचे. मोहरा ही नुसती खेळाची जकात...”

इम्तिसाल वाचता वाचता थांबली. तिला खरं काय ते ठाऊक होतं. मेगाहेदलाही. रावया दुकानात एक दिवससुद्धा बसली नव्हती.

दारात सनिया उभी होती. या खोलीत ती पाऊल टाकत नसे, चौकटीला धरून उभी राही. “काय म्हणतात ते, अबू रावया?” नवऱ्याला ती अजूनही ‘रावयाचा बाप’ अशीच हाक मारी.

“तुझी लेक खोटं बोलली,” मेगाहेद म्हणाला. “माझी लाज राखली तिने.”

सनिया चौकटीशीच खाली बसली.

मेगाहेदने बराच वेळ एकेक अक्षर शोधून लिहिलं. दोनदा खोडावं लागलं : मी तिला शिकवलं नाही. तिने मागितलं होतं. मी नाही म्हणालो.

घुबडाने लिहिलं : मग ही नावं आमच्याकडे कुणाकडून आली?

आणि पाठोपाठ लिहिलं : माझी उस्ता रावया. तिचे उस्ता मेगाहेद. त्यांचे उस्ता अब्दुल मुईन. त्यांचे उस्ता हाज बय्यूमी, सीगर पुलाजवळचे. सगळ्यांसाठी फातिहा.

त्याच्या दुकानात नव्या माणसाच्या हाती पहिली कानस देण्याआधी उस्तांची नावं अशीच घेतली जात, आपल्यापासून मागे मागे, आणि मग सगळ्यांच्या नावाने फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हणायची. दहा वर्षांत नवा माणूसच आला नव्हता, त्यामुळे हाज बय्यूमींचं नाव त्याने स्वतःही दहा वर्षांत उच्चारलं नव्हतं. आणि बसऱ्यातला एक भट्टीवाला ते न चुकता लिहीत होता. रावया शाळकरी असताना दुकानात डबा घेऊन यायची तेव्हा आतल्या कापडी पडद्यामागे उभी राहायची. डबा देऊन लगेच निघत का नाही, म्हणून तो तिच्यावर खेकसायचासुद्धा.

“म्हणजे ऐकत होती,” तो म्हणाला. “उभी राहून ऐकत होती गं ती, सनिया. उन्हातून चालून दमलेली असायची, मी बस म्हणालो नाही, आणि ही उभी राहून...”

इम्तिसालने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. “काका, ते थांबलेत. शिकणार का, असं विचारतायत.”

मेगाहेदने पडद्याकडे पाहिलं. मागे तो टकला मास्तर हाताची घडी घालून तसाच उभा होता, तीनशे मोहरांवर ठाम.

“विचार त्याला, सुरुवात कशी करायची.”

“तुम्हीच विचारा.”

विचारलं. घुबडाने लिहिलं : आधी उस्तांची नावं, आपल्यापासून मागे. ते चुकलं तर आमची उस्ता धडा द्यायची नाही.

मेगाहेदने खुर्ची पुढे ओढली. बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत जाऊन विरला, तेव्हा कुठे पहिली ओळ पुरी झाली.

माझा उस्ता काळं घुबड.

त्याची उस्ता रावया.

इथे तो थांबला. तिच्यामागे कुणाचं नाव येतं ते तिच्या बावीस शिष्यांना पाठ होतं. इम्तिसाल वाट पाहत राहिली. त्याने मात्र त्यापुढे काही लिहिलं नाही. ओठांतल्या ओठांत फातिहा म्हटली, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि बटण दाबलं.

घुबडानेही पुढचं नाव मागितलं नाही. त्याने धडा सुरू केला : बिस्मिल्लाह. पहिली गोष्ट. कुलपावर जोर करायचा नाही. ते कुणाच्या तरी घरावर राखण करत बसलंय, त्याचा मान ठेवायचा. कान जवळ न्यायचा आणि आतली एकेक खिट्टी काय सांगते ते ऐकायचं. आमची उस्ता म्हणायची, घाई करणाऱ्याला दार उघडतं, पण आपलंसं करत नाही. समजलं?

चाळीस वर्षं कुलपांना कान लावलेल्या उस्ता मेगाहेदने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि एका बोटाने सावकाश लिहिलं :

समजलं नाही, उस्ता. ती कसं म्हणायची, पुन्हा सांगा.