शुक्रवारचे पत्रक सोमवारी

“वाचा. शेवटची तारीख काय लिहिलीय ती तुमच्याच तोंडानं वाचा.”

शिवणवालीने पत्रक टेबलावर इतक्या जोरात आपटले की पेनांचा डबा आडवा झाला. शनिवारची सकाळ होती, शाळा नुकतीच भरली होती. ती तशीच घरातून निघालेली दिसत होती. मापाची फीत अजून गळ्यातच होती आणि बोटांना खडू लागलेला होता.

ऑफिसातल्या बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. ‘संधी’ या सदरातली तिसरी सूचना होती. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात शेवटच्या वर्षाच्या बारा मुलामुलींना दोन वर्षे शिकाऊ उमेदवारी, पुढे कायम नोकरी. अर्ज शाळेमार्फत करायचा.

“सव्वीस,” बाई म्हणाल्या.

“आणि हे माझ्या लेकीनं घरी कधी आणलं?”

“काल. सत्तावीसला.”

“म्हणजे वरात गेली आणि मागून तुम्ही घोडं पाठवलंत. तीन वर्षं वायरिंगमध्ये पहिली येतेय ती. मी सकाळी कारखान्याच्या दारात जाऊन आले. पहारेकरी म्हणाला, यादी कधीच आलीय शाळेकडून. बारा नावं. कुणाची नावं? आणि यादी गेलेली होती तर हे छापलंत कशाला? आमच्या तोंडाला पानं पुसायला?”

शिवणवालीने डबा सरळ केला आणि जाता जाता म्हणाली, “पोरगी रडली असती तर समजूत काढली असती. ती हसली हो. म्हणाली, आई, आपल्याला कळवायचं नव्हतंच. सोळा वर्षांच्या पोरीला हे कळतं, आणि तुम्हाला नाही कळत?”

त्या तांत्रिक विद्यालयात या बाईंना सगळे पत्रकबाई म्हणत. हुद्दा लिपिकाचा होता. पण एकोणीस वर्षे दर शुक्रवारी ‘शाळेकडून घराकडे’ हे दोन पानी पत्रक त्याच काढत होत्या. पुढच्या आठवड्यात कुठल्या वर्गाची कार्यशाळा आहे, चपला घालून लेथवर उभे राहू नये, कुणाची छत्री सापडली, कुठे भरती आहे, कुठली शिष्यवृत्ती आहे, हे सगळे त्यात असे. बुधवारी मुख्याध्यापक मजकूर देत, गुरुवारी बाई टाइप करत, शुक्रवारी सहाशे चाळीस प्रती घरोघर जात. बाईंचा अभिमान एवढाच होता, की एकोणीस वर्षांत एकदाही शुक्रवार चुकला नव्हता आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक कुणी दाखवली नव्हती.

आणि ‘सव्वीस’ हा आकडा त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता. वेलांटी तपासली, आकडा तपासला नाही. त्यांना स्वतःचीच चीड आली.

त्यांनी आवकची नोंदवही उघडली. कारखान्याचे पाकीट चार तारखेला आले होते. नोंद त्यांच्याच अक्षरात होती. पण मुख्याध्यापकांच्या नावाची पाकिटे न फोडता आत पाठवायची पद्धत होती. म्हणजे चारला आलेले पत्र पंचविसाव्या तारखेपर्यंत आतच होते. मध्ये सहा, तेरा आणि वीस अशी तीन पत्रके निघून गेली. तेराच्या पत्रकात जागाच नव्हती म्हणावे, तर नव्या शेडची फीत कापताना सरांचा फोटो अर्धे पान अडवून बसला होता.

मग त्यांनी जावकची फाईल काढली. एकोणीस तारखेचे सरांच्या हातचे पत्र आणि खाली बारा नावे. पहिले नाव सरांच्या भाच्याचे. तिसरे आणि चौथे संस्थेच्या अध्यक्षांच्या घरातले. सातव्या नावाचा मुलगा तर दोन वेळा वायरिंगमध्ये नापास झाला होता. ते सगळे वाचून बाईंना फारसे आश्चर्य वाटले नाही. वशिला त्यांनी काय आज पाहिला होता? पण यादीच्या खाली एक ओळ होती. ‘सर्व पालकांना साप्ताहिक पत्रकाद्वारे कळविण्यात आले होते. इतर पालकांकडून प्रतिसाद मिळाला नाही.’

पत्रकबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रतिसाद मिळाला नाही! हे पालक कोण होते ते त्यांना ठाऊक होते. पत्रक भिजले म्हणून दुसरे मागायला येणारा रंगारी होता. वाचता येत नाही म्हणून दर शनिवारी फोन करून ‘बाई, काय काय आलंय, सांगा की’ असे विचारणारी धुणेवाली होती. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या फायली ओढून काढल्या. तीनही वर्षे तीच तऱ्हा होती. आधी यादी, मागून पत्रक, आणि तळाला तेच वाक्य. तीन वर्षे त्यांचे पत्रक खोट्याला साक्षीदार म्हणून उभे केले जात होते.

सर अकराला आले. बाई फाईल घेऊनच आत गेल्या.

“सर, प्रतिसाद मिळाला नाही म्हणजे काय?”

सरांनी ओळ वाचली आणि फाईल मिटली. “बसा बाई. असं बघा, सगळ्यांना आधी सांगितलं असतं तर दीडशे अर्ज आले असते. कारखान्याला चाळून दिलेली मुलं लागतात. कुणीतरी चाळण लावायलाच हवी. मी लावली.”

“आणि चाळणीतून नेमका तुमचा भाचाच पडला?”

सरांचा आवाज बदलला. “तुम्ही पत्रक टाइप करता, पत्रक चालवत नाही. सकाळी कोण ओरडून गेलं म्हणे ऑफिसात?”

“पालक.”

“त्यांच्यासाठी पुढच्या अंकात दोन ओळी घाला. घ्या लिहून. ‘लिपिकाच्या नजरचुकीमुळे शिकाऊ उमेदवारीची सूचना उशिरा छापली गेली. त्याबद्दल दिलगीर आहोत.’ लिपिकाच्या. ‘क’ला काना लागतो, तुम्हाला माहीतच आहे.”

“चूक माझी नाही, सर.”

“टाइप कुणी केलं?”

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “कारखान्यात चाचणी कधी आहे?”

“गुरुवारी. का?”

“विचारलं.”

रविवारी घरी त्या भांडी घासत नव्हत्या, भांड्यांवर सूड उगवत होत्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीचे काम करायचा. तीस वर्षे दोन मजल्यांच्या मधे लोंबकळून कमी बोलायची सवय लागलेली. त्याने पातेल्याला पोचा पडलेला पाहिला आणि विचारले, “कुणावर?”

बाईंनी सगळे सांगितले.

“पाण्यात राहून माशाशी वैर करू नये,” तो म्हणाला. “सहा वर्षं राहिलीत तुझी. दोन ओळीच आहेत. टाकून दे. लोक आठ दिवसांत विसरतात.”

“मी नाही विसरणार.”

“आपलं पोर तरी आहे का त्या शाळेत?”

हे बोलायला नको होते, ते त्यालाही लगेच कळले. त्यांना मूलच नव्हते. बाईंनी नळ बंद केला.

“अहो, एकोणीस वर्षं सहाशे घरांत माझा कागद जातोय. जेवताना वाचतात, भिंतीला चिकटवतात. त्या कागदावर उद्या मी खोटं छापायचं, तेही माझ्याच नावानं? आणि ती बाई मला म्हणते, तुम्हाला नाही कळत? नव्हतंच कळलं मला. तीन वर्षं बैलासारखी मान खाली घालून शुद्धलेखन तपासत बसले!”

नवऱ्याने पाठ फिरवली. त्याला पटले नव्हते, हे बाईंना त्याच्या पाठीवरूनच दिसले.

सोमवारी सकाळी साडेसातला पत्रकबाईंनी ऑफिस उघडले. एकाच पानाचे पत्रक टाइप केले. फोटो नाही, सुविचार नाही.

‘कारखान्याचे पत्र शाळेत आले, चार तारखेला. बारा नावांची यादी शाळेने पाठवली, एकोणीस तारखेला. पालकांना कळवले, सत्तावीस तारखेला. अर्जाची मुदत संपली होती, सव्वीस तारखेला. इतर पालकांकडून प्रतिसाद मिळाला नाही असे शाळेने कारखान्याला लिहिले आहे. चाचणी येत्या गुरुवारी आहे. कारखान्याचा पत्ता व फोन खाली दिला आहे. आवक-जावक नोंदी ऑफिसात पाहायला मिळतील.’

त्यांनी बारा नावे टाइप केली, मग पुसली. पोरांनी काय केले होते? त्यांनाही घरच्यांनी अर्ज भरायला सांगितला, त्यांनी भरला. खाली जिथे मुख्याध्यापकांचे नाव असायचे तिथे त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव घातले, पुढे ‘लिपिक’.

शिपाई छपाईच्या मशीनपाशी आला. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला.

“बाई, आज सोमवार आहे.”

“माहितीय.”

“सरांनी बघितलंय हे?”

“नाही.”

“मग हे मशीन मी चालवणार नाही. मला दोन पोरी आहेत.” त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. “मी चहाला जातोय. मला चहाला अर्धा तास लागतो. कागदाचं नवं रीम खालच्या कप्प्यात आहे, आणि मशीन अडलं तर डाव्या बाजूनं जरा थोपटायचं.”

मशीन दोनदा अडले. बाईंनी थोपटले नाही, चांगला ठोसा दिला. मधल्या सुट्टीत त्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि सहाशे चाळीस प्रती आपल्या हातांनी वाटल्या.

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या दारात चाळीसेक पालक उभे होते. कामावरच्या कपड्यांतच आलेले. रंगारी होता, धुणेवाली होती. शिवणवाली सगळ्यांत पुढे. कारखान्याचा प्रशिक्षण अधिकारी बाहेर आला, कागद वाचला आणि म्हणाला, “पण शाळेनं तर लिहिलं होतं, कुणी रसच दाखवला नाही.”

“मग बघा आता,” शिवणवाली म्हणाली. “हा सगळा रस उभा आहे तुमच्यापुढं.”

चाचणी आठ दिवस पुढे गेली. एकसष्ट मुलामुलींनी ती दिली.

इकडे बुधवारी संस्थेच्या तीन सभासदांनी पत्रकबाईंना बोलावले. शिस्तभंग, अधिकाराचा गैरवापर, शाळेची बदनामी. अध्यक्षांनी माफीचा मसुदा तयारच ठेवला होता. फक्त सही करायची.

“यातलं खोटं काय आहे ते दाखवा,” बाई म्हणाल्या, “सही करते.”

“खरं-खोटं हा प्रश्नच नाही, बाई.”

“मग कसला प्रश्न आहे?”

सर खिडकीबाहेर बघत होते. भीती वाटेल असे बाईंना आदल्या दिवशी वाटले होते. पण आता नुसता राग होता, आणि तो लपवावा असे त्यांना वाटले नाही. “एकोणीस वर्षांत माझी एक वेलांटी चुकली नाही,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही मला नजरचूक शिकवता?”

त्यांना काढता आले नाही, कारण नोंदी बोलत होत्या. सर जिथल्या तिथे राहिले. पत्रक बाईंकडून काढून घेतले आणि त्यांची बदली कार्यशाळेमागच्या सामानाच्या कोठीत झाली. पाने, पकडी, कानशी मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. कोठीला खिडकी नव्हती. लोखंडी शटर गंजलेले होते. ते कमरेइतके वर येऊन अडायचे आणि बाईंना रोज सकाळी वाकून आत शिरावे लागायचे.

निकाल लागला त्या दुपारी शिवणवाली तिथे आली. वाकून, शटरखालून.

“चौदावी,” ती म्हणाली. “दोन मार्कांनी गेलं. बारा घेतले.”

बाईंनी हातातली पकड खाली ठेवली.

“सरांचा भाचा?”

“तो लागला. नववा. हुशार निघाला मेला. यादी नसती तरी लागला असता.” शिवणवाली खोक्यावर बसली. “मला वाटलं होतं, एवढं सगळं झालं, आता मिळेलच. राग येतो हो. कुणावर काढायचा तेच कळत नाही आता.”

“असू दे राग,” बाई म्हणाल्या. “टाकून देऊ नका तो.”

मग शिवणवालीला कुणाचे तरी कपडे द्यायचे होते म्हणून ती निघाली, आणि बाहेर जाताना तिचे डोके शटरला लागले.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी एवढेच सांगितले. पोरगी चौदावी आली, तिच्या आईला शटर लागले. नवऱ्याने ऐकले आणि जेवत राहिला.

शनिवारी त्याची सुट्टी होती. बाई कोठीपाशी पोचल्या तेव्हा तो त्यांच्या मागोमाग आला, खांद्यावर कामाची पिशवी. कुणाला काही न विचारता त्याने स्टूल लावले, शटरचे वरचे झाकण उघडले, गंज खरवडला, एक तुटकी स्प्रिंग काढून खाली टाकली आणि दुसरी बसवली. कार्यशाळेतली मुले लांबून बघत होती. सर व्हरांड्यातून गेले, थांबले, आणि पुढे गेले. नवऱ्याने ग्रीसचे हात चिंधीला पुसले आणि स्टुलावरून उतरला.

“उघडून बघ,” तो म्हणाला.

बाईंनी एका हाताने शटर ढकलले. ते सरसर वर गेले आणि डोक्याच्या वर धाडकन जाऊन थांबले. त्या ताठ चालत आत गेल्या.