नीरजाताईंचा आक्षेप

कल्याणला वीज कंपनीच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा मंच भरतो. टेबलामागे तीन खुर्च्या. मधली अध्यक्षांची, म्हणजे निवृत्त न्यायाधीशांची. डावी कंपनीच्या इंजिनिअरची. उजवी ग्राहकांच्या प्रतिनिधीची. टेबल कंपनीचं, पंखा कंपनीचा, चहाही कंपनीचाच आणि तक्रार मात्र कंपनीविरुद्ध. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या नीरजाताई ग्राहक संघटनेच्या शिफारशीवरून उजव्या खुर्चीत आल्या आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी त्या चहाला तोंड लावलं नाही. घरून थर्मास आणायच्या.

बाई खमक्या होत्या. डाव्या खुर्चीतले सुदेश सुनावणीआधी तक्रारदाराच्या भागातल्या ऑफिसला फोन करतात हे कळताच त्यांनी लेखी आक्षेप घेतला होता. न्याय करणाऱ्याने एका पक्षाशी बोलायचं नाही. सुदेशनी मुकाट्याने फोन बंद केले.

मार्चमध्ये अध्यक्षांची मुदत संपली. नवीन नेमणुकीची फाइल कुठेतरी धूळ खात पडली. नियमाप्रमाणे दोघं हजर असले तरी मंच चालतो, आणि अध्यक्ष नसतील तर मधल्या खुर्चीत कंपनीचा इंजिनिअर बसतो.

एप्रिलमध्ये सगुणा आली. शीळफाट्यामागच्या गावात तिचं जुनं घर, अंगणात शेवगा. अंगणावरून गेलेल्या लाइनचा खांब कलला होता आणि तारा इतक्या खाली आलेल्या, की नवरा राघो शेंगा काढायला काठी उचलायचा तेव्हा तिचा जीव टांगणीला लागायचा. गावच्या ऑफिसात पाच अर्ज दिले, कुणी दाद दिली नाही. तिने फोटो टेबलावर ठेवले.

सुदेश मधल्या खुर्चीकडे निघाले.

“तुम्ही मधे बसणार?” नीरजाताईंनी विचारलं.

“नियमात आहे मॅडम. दोघं चालतात. केस छोटी आहे, आजच संपेल.”

“ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांचाच माणूस अध्यक्ष? एकदा पायंडा पडला की मधली खुर्ची हे कधीच भरणार नाहीत. मी बसणार नाही.”

त्यांनी दीड पानाचा आक्षेप लिहिला. सुनावणी पुढे ढकलली गेली. दारात त्यांनी सगुणाला सगळं समजावून सांगितलं, हे तुमच्याच भल्यासाठी आहे म्हणाल्या.

“तुमी शिकलेल्या, बाय. बरोबरच आसंल,” सगुणा म्हणाली.

संघटनेच्या ग्रुपवर त्या दिवशी नीरजाताईंचं फार कौतुक झालं. त्यांनाही ते आवडलं, खोटं कशाला बोला. आक्षेप वरपर्यंत पोचला आणि फाइल हलली. महिन्याभरात नवे अध्यक्ष आले. वर्षानुवर्षं भांडून जे होत नाही ते त्यांनी दीड पानात करून दाखवलं होतं.

नव्या अध्यक्षांची पहिली सुनावणी सगुणाचीच. ती आली तेव्हा कपाळ मोकळं होतं.

आठ दिवसांपूर्वी भर दुपारी वारा सुटला, खांब पडला, तार शेळ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर आली. राघो शेळ्या सोडायला धावला. तिने एवढंच सांगितलं.

अध्यक्षांनी नियमाचं पुस्तक उघडलं. माणूस भला होता, आवाज खाली आणून बोलला. अपघाताची प्रकरणं या मंचापुढे चालत नाहीत, ती विद्युत निरीक्षकाकडे जातात. खांबाची तक्रार म्हणावी, तर नवा खांब अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी उभा राहिला होता. अर्ज निकाली काढावा लागेल.

नीरजाताई घाईघाईने फाइल चाळू लागल्या. काहीतरी सापडेल, एखादं कलम. शेवटी एक टाइप केलेला कागद लागला. एप्रिलची तारीख. ‘खांब व तारा सात दिवसांत बदलाव्यात.’ खाली दोन सह्यांची जागा कोरी.

“त्या दिवशी सही करणार होतो मी,” सुदेश हळूच म्हणाले. “तुमच्या आक्षेपानंतर बोललो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, खुर्चीसाठी बोलतोय. गावच्या ऑफिसला फोन करायची तर सोयच नव्हती.”

आपण चूक केली हे नीरजाताईंना कळलं, आणि चूक कुठल्या ओळीत झाली ते दीड पान आठवूनही सापडेना. प्रत्येक ओळ बरोबर होती.

“तुम्ही वेगळं मत नोंदवू शकता,” अध्यक्षांनी कागद पुढे केला.

वेगळं मत काय नोंदवणार? नियम स्पष्ट होता. त्यांनी तिसरी सही केली.

सगुणाने आपली प्रत घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली. निघता निघता उजव्या खुर्चीपाशी थांबली.

“बाय, आज तुमी तिघा हाव. त्या दिशी दोघांनीच केला आस्ता, तं चाललं आस्तं का?”

खोटं बोलता आलं असतं. सुदेश खाली बघत होते.

“चाललं असतं,” नीरजाताई म्हणाल्या.