चिंधीच्या शेपटाची खोळ

मी एक जुनी कात्री आहे. जी हकीकत सांगावयाची आहे ती उन्हाळा उतरणीला लागला असताना एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, शिंप्याच्या दुकानामागील खोलीत, शिवणयंत्राच्या चाकापाशी सुरू झाली. स्थळ आणि वेळ मी नेमकी सांगते, कारण त्या वेळी मी टेबलावरच होते आणि ऐकीव गोष्टी सांगण्याची मला सवय नाही.

मित्रांनो, आधी माझ्याविषयी थोडे. एका लोहाराने पोलाद तापवून, ठोकून माझी दोन पाती घडविली आणि मिटताना त्यांच्यात कोठेही फट राहणार नाही अशी ती एकमेकांवर बसविली. शिंप्याने मला हाती घेतले त्याच दिवशी घरात कायदा झाला: ही कात्री कापडाखेरीज कशालाही लागता कामा नये. कागदाने धार जाते, दोरीने पाती फाकतात. कायदा कडक होता, पण मला तो कधी अन्यायाचा वाटला नाही. ज्याला एकच काम येते त्याची अब्रू त्या कामातच असते. अकरा वर्षे मी केवळ कापड कापले. गिऱ्हाइकांपुढे मला उचलून शिंपी म्हणे, "हिनं कापलेला काठ बघा. एक दोरा सुटलेला दिसला तर सांगा."

घरात माणसे तीन: शिंपी, त्याची दहा वर्षांची मुलगी आणि काजे-बटणे करणारी त्याची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या. चौथी चिंधी. ही शेळी. टेबलाखाली पडलेले तुकडे चोरून खात मोठी झाली, म्हणून हे नाव. शेळीचे शेपूट ते केवढे, वीतभरही नाही; परंतु ते ताठ वर असले की तिचे बरे चालले आहे असे समजावे. चिंधीचे सदैव वर असे.

त्या सोमवारी ती यंत्राखाली पाठमोरी उभी होती. शिंप्याने न पाहता पाय दाबला आणि पट्टा व चाक यांच्यामध्ये तिचे शेपूट सापडले. कातडी सोलवटली, रक्त आले. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी येऊन जखम धुतली, मलम लावले, वर सैलशी पट्टी गुंडाळली आणि बजावले, "रोज सोडायची, धुवायची, बघायची, मग बांधायची. आवळायची मात्र नाही."

ती पट्टी दुपारी गळून पडली. दुसरी संध्याकाळी. तिसरी सकाळी पडली ती चिंधीने खाऊनच टाकली.

"चला, औषध पोटात गेलं," आत्या म्हणाली.

शिंप्याला हसू आले नाही. पाय आपला होता, हे त्याच्या मनातून जात नव्हते. त्याने फीत घेऊन शेपटाचे तीन ठिकाणी माप घेतले, माझ्याकडून जाड कापड बेतून ते दुहेरी केले आणि शेपटाला अंगाबरोबर बसणारी खोळ तयार केली. उघडी बाजू शेपटावरच सुईने, बारीक टाक्यांनी बंद केली; शेंडा तेवढा बाहेर राहिला. खोळ तसूभर हलेना. येणारे-जाणारे ती वाखाणू लागले.

कोणी म्हणेल, हा निष्काळजीपणा. मी म्हणते, मुळीच नव्हे. निष्काळजी माणसाने इतकी मापे घेतली नसती. कापड मापले तेवढेच राहते, जखमी अंग सुजते. उभा जन्म कापडात गेलेल्या माणसाला एवढेच सुचले नाही. मलाही सुचले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

"अरे, रोज सोडायला सांगितलंय ना?" आत्याने दुसऱ्या दिवशी विचारले.

"उसवली तर पुन्हा अशी बसायची नाही, ताई."

"नवरदेवाचा कोट आहे का तो? शेळीचं शेपूट आहे!"

"पट्टी गळून पडत होती तेव्हा तूच हसत होतीस."

आत्याने पुन्हा काज हाती घेतले. शनिवारी चिंधीने समोर टाकलेल्या तुकड्याला तोंड लावले नाही. शेपूट खाली होते. शिंपी माप घ्यायला बाहेर गेला होता. मुलीने खोळीबाहेर डोकावणारा शेंडा चिमटीत धरला.

"आत्या, गार लागतंय. आणि वास येतोय."

तिची नजर माझ्याकडे गेली.

"तिला हात लावू नकोस. तुझा बाप घर डोक्यावर घेईल." एवढे बोलून आत्या वाकली, तिने शेंडा पाहिला आणि ती खालीच बसली. "मी धरते हिला. तू काप."

मित्रांनो, मी लोकर कापली आहे, ताडपत्री कापली आहे. परंतु एवढे भय मला कधी वाटले नव्हते. कापड आणि कातडी यांच्यामध्ये पाते शिरण्यापुरती जागा नव्हती. मुलगी एकेक टाका तोडत गेली. चार टाके उरले असताना दारातून आवाज आला, "माझ्या कात्रीला कोणी—"

वाक्य पुरे झाले नाही. शेंडा काळा पडला होता. शिंपी गुडघ्यांवर बसला, मुलीच्या हातातून त्याने मला घेतले आणि उरलेले चार टाके स्वतः कापले.

मेलेला भाग ठेवला तर सडणे वर चढेल आणि शेळी जाईल, असे सांगून डॉक्टरबाईंनी आपल्या हत्यारांनी दोन बोटे शेपूट काढून टाकले. त्यानंतर शिंपी रोज दारातल्या उजेडात पट्टी सोडी, जखम धुई, पाही आणि पुन्हा सैल बांधी. पट्टी गळे, तो पुन्हा बांधी. माझी पाती सडक्या कातडीला लागली होती; घरच्या कायद्याप्रमाणे मी कापडाकडे परतू शकत नव्हते. टेबलावर नवी कात्री आली. मी कापूस आणि मलम यांच्याशेजारी खिळ्याला लागले, ती अजून तेथेच आहे. माझ्या दोन पात्यांमधल्या खिळीवर गंज चढला आहे. याला कोणी उपेक्षा म्हणतील. मला ते मान्य नाही. कोणाला खरचटले की पट्टीपुरती मी आजही लागते.

माझे तुमच्यापाशी मागणे एकच. ज्याची काळजी घ्याल त्याला रोज सोडून पाहा. आपल्या हातचे काम सुरेख बसले की ते उसवावेसे वाटत नाही. तेच आधी उसवा.

हे मी पदरचे सांगत नाही. सोळाव्या दिवशी डॉक्टरबाई शेवटच्या आल्या. जखम भरली होती. चिंधीने उरलेले शेपूट, जेवढे होते तेवढे, ताठ वर केले. शिंपी गळ्यातली फीत चाचपत बराच वेळ चाकाकडे पाहत होता.

"चाकात सापडलं म्हणूनच गेलं ना हो ते?"

आत्याची सुई थांबली. डॉक्टरबाईंनी पिशवी बंद केली.

"चाकानं कातडी सोलली होती, ती भरून आली असती. शेपूट गेलं ते तुमच्या खोळीनं."